सहा मिनिटांत न मावलेली चूक

वर्गात मी मुद्दाम चुकायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

होसकोटेच्या अलीकडे एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवते. एखाद्या वस्तूवर कुठली कुठली बलं लागतात, कुठल्या दिशेला लागतात आणि त्यामुळे ती वस्तू हलते की जागच्या जागी राहते, एवढाच तो विषय. ऐकायला सोपा. पण पोरं बारावीपर्यंत सूत्रं घोकून आलेली असतात. घोकलेल्या पोराला काही विचारलं की तो विचार करत नाही, आठवतो. आणि आठवून उत्तर बरोबर आलं की त्याला वाटतं, आपल्याला समजलं. ही समजूत मोडायला मी माझ्यापुरती एक युक्ती धरली होती.

घर्षणाचा धडा आला की मी फळ्यावर चालणारा माणूस काढायची. डोकं गोल, हातापायाच्या काड्या. माझी चित्रकला तेवढीच. मग विचारायची, हा पुढे चाललाय, तर जमीन ह्याच्या पायाला कुठे ढकलते? अख्खा वर्ग एका सुरात सांगणार, मागे. का, तर पुस्तकात लिहिलंय, घर्षण गतीच्या विरुद्ध असतं. मी म्हणायची, बरं. आणि त्यांनी सांगितलेला बाण काढायची, मागे. वजनाचा बाण खाली, जमिनीच्या आधाराचा वर. झालं चित्र. खडू ठेवायचा, हात झटकायचे आणि गप्प उभं राहायचं.

त्या गप्प राहण्यातच सगळी गंमत होती. पोरं आधी वहीत चित्र उतरवून घ्यायची. मग वर बघायची, बाई पुढे का जात नाहीत म्हणून. मग कुठेतरी चुळबूळ व्हायची आणि एखादं पोरगं चाचरत म्हणायचं, "मॅम, पण मग हा पुढे जातो कसा?" पुढे ढकलणारं चित्रात काहीच नाही की. त्या चित्राप्रमाणं तो माणूस उलटा चालायला पाहिजे. मग हशा, मग भांडण, कुणी उठून चालून दाखवतंय, कुणी बुटाचा तळ बघतंय. शेवटी त्यांचं त्यांनाच उमगायचं की पाय जमिनीला मागे रेटतो, म्हणून जमीन पायाला पुढे रेटते. बाण पुढे. मी फक्त डस्टर घेऊन जुना बाण पुसायची. आपल्या तोंडानं पकडलेली चूक माणूस जन्मात विसरत नाही. आणि बाईला पकडलं याचा आनंद तर वेगळाच. वर्षभर माझ्यावर डोळा ठेवून बसायची पोरं, आज बाई कुठे चुकतायत म्हणून. मला तेच हवं असायचं.

मी निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि राग आला की तिन्ही. लग्न होऊन मल्लेश्वरमला आले आणि इथंच मुरले. कॉलेज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे निम्मं आयुष्य कॉलेजच्या बसमध्ये गेलं. तक्रार नव्हती. ह्या एका वर्गासाठी मी तेवढा प्रवास हसत करत होते.

आमच्या प्रत्येक विषयाचं कॉलेजच्या साइटवर एक पान असतं. आधी त्यावर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, असलं कोरडं काहीतरी असायचं. मग हुकूम आला की पानावर व्हिडिओ पाहिजेत. सुरुवातीला इंटरनेटवरचे शोधून लावले तरी चालत होते आणि खरं सांगते, मला ते आवडलंही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायची आणि शोधायची. कुठे क्रेन कलंडताना, कुठे ट्रक घाटात मागे घसरताना. आमचे हे विचारायचे, "झाला का तुझा पिक्चर बघून?" पानावर तो क्रेनचा व्हिडिओ बसवला तेव्हा पोरं खूश होती. पुढे ज्याचा होता त्यानं तो काढून टाकला आणि माझ्या पानावर नुसती राखाडी चौकट उरली. त्यावरून मॅनेजमेंटनं ठरवलं की दुसऱ्याच्या भरवशावर राहायचं नाही. प्रत्येकानं आपले व्हिडिओ आपण करायचे.

त्यासाठी ई-कंटेंट नावाचा नवा विभाग निघाला. जुन्या स्टोअररूमला काळे पडदे लावून स्टुडिओ केला आणि त्या विभागाची प्रमुख म्हणून पुण्याची एक मुलगी आणली. मुलगी म्हणजे माझ्यापुढे मुलगी, तशी पस्तिशीची असेल. आधी कुठल्यातरी कंपनीत होती, राहायला इंदिरानगरला. पहिल्याच भेटीत माझं आडनाव ऐकून म्हणाली, "मॅम, तुम्ही मराठी? ओह, थँक गॉड. मला इथे हिंदी बोलून बोलून कंटाळा आलाय." मलाही बरं वाटलं. कॉलेजात मला मराठी बोलायला कोण होतं? पुढे ती मला ताई म्हणायला लागली. गौरीच्या हळदीकुंकवाला घरी आली, माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाऊन गेली, उरलेल्या डब्यात घालून दिल्या. आमच्या मराठीला हसायची जरा. मी "बरं"च्या जागी कन्नड "सरी" घालून "सरी, ये मग" म्हटलं की म्हणायची, "ताई, सरी म्हणजे काय?" मी म्हणायची, "राहा इथं स्वल्प वर्षं, कळेल." एकूण काय, मी तिला आपली समजत होते.

स्टुडिओत पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा माझी दातखीळ बसली. समोर वर्ग नाही, एक काळी काच. कुणाला विचारू, जमीन कुठे ढकलते? पण घर्षण शिकवायचं तर मला माझ्याच वाटेनं शिकवायचं होतं. मी तो माणूस काढला. काचेला विचारलं, कुठे ढकलते? स्वतःच म्हटलं, "तुम्ही सगळे म्हणाल, मागे." बाण मागे काढला. मग म्हटलं, "आता व्हिडिओ थांबवा. चित्राकडे बघा. काही खटकतंय का?" आणि गप्प उभी राहिले, वर्गात राहते तशी. मग पुढचं सगळं समजावून जुना बाण पुसला आणि नवा काढला.

तिनं सांगितलं, "ताई, मस्त झालंय. फक्त लांब आहे. मुलं सहा मिनिटांच्या पुढे बघत नाहीत, त्यामुळे आपण दोन पार्ट करतो." मी म्हटलं, "कर. पण बाई गं, पहिल्या भागात चूक आहे आणि दुसऱ्यात ती दुरुस्त केलीय. दोन्ही एकत्र राहिले पाहिजेत. नाहीतर मी चुकीचं शिकवलं असं होईल." ती म्हणाली, "येस येस, डोन्ट वरी." बसपर्यंत चालत जाताना मी तिला पुन्हा सांगितलं. तिनं माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, कळलं मला. किती काळजी करता."

झालं काय ते ऐका. पानाचा साचा त्यांचा ठरलेला. एका मुद्द्याला एक चौकट, चौकटीत एक व्हिडिओ, त्याखाली एक प्रश्न, त्याचा एक मार्क. दुसऱ्या व्हिडिओला जागाच नाही. मग दुसरा भाग त्यांनी पार खाली, 'अधिक माहितीसाठी' म्हणून जे गाठोडं असतं त्यात टाकला, जिथं कुणी कुत्रं फिरकत नाही. मी गप्प उभी होते तो तुकडा कापून टाकला, का तर आवाज नसला की पोरं व्हिडिओ बंद करतात. "आता थांबवा, काही खटकतंय का" हे वाक्यही त्याच्याबरोबर गेलं. राहिलं काय? मी छातीठोकपणे बाण मागे काढतेय आणि व्हिडिओ संपला. वरून कळस म्हणजे खालचा प्रश्न. तो त्यांच्या विभागानं व्हिडिओ बघून तयार केला होता. चालणाऱ्या माणसाच्या पायावर घर्षण कुठल्या दिशेला लागतं? बरोबर उत्तर म्हणून त्यांनी लावलं होतं, मागे. आम्हा शिक्षकांना पान आधी दाखवायची पद्धत नव्हती. पोरांना दिसेल तेव्हाच आम्हाला दिसायचं.

म्हणजे ज्या पोरांनी 'मागे' लिहिलं त्यांना मार्क आणि ज्यांनी डोकं चालवून 'पुढे' लिहिलं त्यांना भोपळा.

वर्गात हा धडा अजून यायचा होता, त्यामुळे 'पुढे' लिहिणारी एकच निघाली. कोलारकडची एक मुलगी, तिसऱ्या बाकावर बसायची, कधी तोंड उघडायची नाही. तिनं पानावरच तक्रारीचं बटण असतं ते दाबलं आणि लिहिलं की माझं उत्तर बरोबर आहे, मॅमच्या व्हिडिओत चूक आहे, माझा मार्क द्यावा. ते बटण दाबलं की तक्रार थेट प्राचार्यांकडे जाते हे तिला बिचारीला काय माहीत.

दुसऱ्या दिवशी मला आमच्या विभागप्रमुखांनी बाजूला घेऊन सांगितलं की प्रकरण हलकं घेऊ नका. मॅनेजमेंटचा विचार असा चाललाय की ज्या विषयाचे व्हिडिओ पूर्ण झाले, तो विषय व्हिडिओवरच चालवायचा. वर्गात शंका बघायला नुकतीच एम.टेक. झालेली एखादी पोरगी उभी करायची. जुन्या लोकांना परीक्षा विभागात बसवायचं. त्यांना निमित्तच हवं होतं आणि ते मी आयतं दिलं. पेपरचे गठ्ठे बांधायचे आणि टेबलं लावायची, हे माझं पुढचं आयुष्य. वर्ग गेला. मला त्या रात्री झोप आली नाही. पगार तेवढाच राहणार होता, पण पगाराला काय चाटायचंय? त्या वर्गाशिवाय मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही आवडतही नाही.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. ते, मी आणि ती. ते मूळचे केमिस्ट्रीचे. माझ्याशी अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलतात, इथं मी मराठीत सांगते. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर माझा व्हिडिओ लावला. माझा बाण मागे गेला आणि मी त्या मोठ्या पडद्यावर थिजले. ते म्हणाले, "मॅडम, पहिल्या वर्षाची मुलगी तुमची चूक काढते. बाहेरचे लोक तपासणीला येतात तेव्हा हेच पान उघडून बघतात. आम्ही काय सांगायचं?"

मी सगळं सांगितलं. चूक मुद्दाम होती, ती अशी असते, ती कापायची नव्हती, हिला मी बजावलं होतं. ते तिच्याकडे वळले. "मॅडमनी तुम्हाला सांगितलं होतं?"

ती लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "सर, आमच्याकडे बरेच व्हिडिओ असतात. मला नक्की आठवत नाही."

तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे बघेना. असा राग आला होता, वाटलं उठून तिचा तो लॅपटॉप मिटावा. माझ्या ताटात जेवलेली बाई. मी म्हटलं, "पूर्ण रेकॉर्डिंग दाखव की मग." तर म्हणाली, मूळ फायली आम्ही ठेवत नाही, जागा लागते. खाली गाठोड्यात पडलेला दुसरा भाग तिनं उघडला खरा, पण मधलाच तुकडा गेलेला. त्यामुळे तो आता असा दिसत होता, की बाई आधी चुकल्या आणि नंतर कुणीतरी सांगितल्यावर सारवासारव करतायत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग माझं डोकं फिरलं आणि मला जे येतं ते मी केलं. म्हटलं, "सर, तुम्ही आत्ता दारापासून खुर्चीपर्यंत चालत आलात. जमिनीनं तुमच्या पायाला कुठे ढकललं?"

ते म्हणाले, "मागे. घर्षण विरुद्धच असतं ना."

"बरं," मी म्हटलं. टेबलावरचा कोरा कागद ओढून माणूस काढला. बाण मागे, बाण खाली, बाण वर. कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मग सर, तुम्हाला खुर्चीपर्यंत कुणी आणलं?"

आणि गप्प बसले. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिला हातानं थांबवलं. प्राचार्य कागद बघत राहिले. मग टेबलाखाली त्यांचा बूट हलल्याचा आवाज आला, फरशीवर घासल्याचा. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांचा चेहरा असा उजळला, की मी सांगते, त्या क्षणी तो माणूस माझ्या वर्गातला पोरगा झाला होता. "पुढे," ते म्हणाले. "पुढे ढकलते ती. अरे." आणि मनापासून हसले.

मला वाटलं, जिंकले. पण हसता हसता त्यांचं लक्ष तिच्याकडे गेलं. तीही हसत होती. बस्स. हाताखालच्या माणसापुढे आपण चुकलो हे त्यांच्या लक्षात आलं आणि चेहरा परत प्राचार्यांचा झाला. कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, "मॅडम, हे चार भिंतींत ठीक होतं. पूर्वी. आता सगळं पानावर जातं. बघणाऱ्याला हेतू दिसत नाही, चूक दिसते." आणि निकाल दिला. विषय माझ्याकडेच राहील. पण फळ्यावर चूक करायची नाही, मुद्दामसुद्धा नाही. घर्षणाचा व्हिडिओ सरळ करून द्यायचा. आणि शंका राहू नये म्हणून माझ्या वर्गात कॅमेरा बसेल, माझा प्रत्येक तास संध्याकाळपर्यंत पानावर चढेल. "स्वल्प ॲडजस्ट करा," असं म्हणून त्यांनी विचारलं, "सरी?"

मी म्हटलं, "सरी."

नाही म्हणायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा डोळ्यांपुढे परीक्षा विभागातले गठ्ठे होते.

बाहेर आल्यावर ती माझ्यामागून पळत आली. "ताई, प्लीज रागावू नका. माझं प्रोबेशन चालू आहे, अजून कन्फर्म नाही झाले. आमची चूक म्हटलं असतं तर मला काढलंच असतं. तुम्ही इतक्या सिनिअर, तुम्हाला काही झालं नसतं."

"आणि झालं असतं तर?"

"पण नाही ना झालं," ती म्हणाली.

घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हणाले, पोटासाठी माणूस करतं असं, सोडून दे. मी नाही सोडलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी इंग्रजीत बोलते. ती मराठीत बोलते, मी इंग्रजीत उत्तर देते. शेवटी तीही इंग्रजीवर आली.

कोलारच्या त्या मुलीला मी मुद्दाम शोधून गाठलं. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. "सॉरी मॅम," सुरू झालं तिचं, "मला माहीत नव्हतं ते प्रिन्सिपलकडे जातं. मी मार्कासाठी लिहिलं फक्त." मी विचारलं, "तुला कळलं कसं, बाण पुढे ते?" तर म्हणाली, "चालून बघितलं मॅम. आमच्या गावच्या रस्त्याला चपलेनं माती मागे उडते. मग पाय मागेच ढकलत असणार ना." मला तिला मिठी मारावीशी वाटली. सगळ्या पोरांनी व्हिडिओवर विश्वास ठेवला आणि हिनं आपल्या चपलेवर. मी तिला म्हटलं, "तू बरोबर होतीस. चूक दिसली की तिथल्या तिथं हात वर करायचा. माझी असली तरी. माझी असली तर आधी." तिनं मान हलवली.

मग मी सरळ शिकवायला लागले. घर्षणाचा नवा व्हिडिओ करून दिला. माणूस, बाण पुढे, कारण असं असं, संपलं. सहा मिनिटांच्या कितीतरी आत. वर्गात छताच्या कोपऱ्यात कॅमेरा आला, त्याचा तांबडा ठिपका पेटला की तास सुरू. मी गप्प उभी राहिले तर पानावर ती गप्प बाई दिसणार, म्हणून बोलत राहिले. विचारलं आणि पोरांनी चुकीचं सांगितलं तर तेही रेकॉर्ड होणार, म्हणून विचारणं कमी केलं. पोरांनाही तो ठिपका दिसत होता. पहिल्या बाकावरचे दोन वाह्यात होते, ज्यांच्याशी माझं रोज भांडण व्हायचं, तेसुद्धा हाताची घडी घालून बसायला लागले. आणि गंमत बघा, त्या सत्रात पोरांनी शिक्षकांबद्दल जे लिहून द्यायचं असतं, त्यात मी सगळ्यांत वर. 'व्हेरी क्लिअर', 'नो कन्फ्यूजन', 'नोट्स परफेक्ट'. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं. आधी लिहायचे, बाई छळतात, पण मजा येते. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं. मी थँक्यू म्हटलं आणि चहाचा कप विसळायला गेले.

सत्राच्या शेवटाकडे शिडीचं गणित असतं. भिंतीला टेकवलेली शिडी, ती घसरू नये म्हणून बुडाशी किती घर्षण लागेल ते काढायचं. शिडीचं वजन तिच्या मध्यावर लागतं असं धरायचं असतं. मी ते गणित झोपेत सोडवीन. त्या दिवशी ते सोडवलं, उत्तर काढलं, चौकट केली, तास संपला. तांबडा ठिपका विझला. संध्याकाळी बस टिन फॅक्टरीच्या सिग्नलला अडकली होती, मी खिडकीतून नुसतीच बाहेर बघत होते आणि एकदम तो फळा डोळ्यांपुढे आला. मी वजन शिडीच्या मध्यावर धरलं नव्हतं. पार वरच्या टोकाला धरलं होतं. उत्तर सरळ दुप्पट आलं होतं.

हे मुद्दाम नव्हतं. खरंखुरं चुकले होते मी.

फोनवर पान उघडलं तर तास चढलेला होता. पण खरं सांगू, त्या व्हिडिओनं मला इतकं लागलं नाही. मला लागलं ते हे, की भरलेला वर्ग समोर बसला होता आणि एकानंही हात वर केला नाही. पूर्वी मी बाण काढायच्या आत माझ्यावर टपून बसायची ही पोरं. घरी जेवताना यांना म्हटलं, "माझ्या पोरांना आता काही दिसत नाही." हे म्हणाले, "अगं, थकली असतील." मी रात्रभर माझ्याच मनाशी भांडले. मी शिकवणं सोडून दिलं, मग पोरं बघणं सोडणारच. कुणाला दोष देऊ?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि आधी तेच विचारलं. "कालच्या शिडीत कुणाला काही दिसलं?" काहींनी माना खाली घातल्या आणि काहींनी वर कोपऱ्यात, कॅमेऱ्याकडे बघितलं. मी स्वतःच फळ्यावर चूक दाखवली आणि दुरुस्त केली. मला वाटलं, आता खोडरबरं निघतील, पानं उलटतील. कुणी हललंसुद्धा नाही. नुसते बघत बसले, एखाद्या आजारी माणसाकडे बघतात तसे.

तास संपल्यावर मी त्या कोलारच्या मुलीला बाहेर बोलावलं. म्हटलं, "तुला तरी कळायला हवं होतं."

"कळलं होतं मॅम," ती म्हणाली. "लगेच."

"मग हात का नाही वर केलास? मी तुला सांगितलं होतं की."

"कॅमेरा चालू होता ना, मॅम. मी बोलले असते तर तेही रेकॉर्ड झालं असतं आणि मागच्या वेळेसारखं तुम्हाला आत बोलावलं असतं. ह्या वेळी तुमचा वर्ग काढून घेतला असता."

मी मागे वळून वर्गाच्या दाराकडे बघितलं. तिला वाटलं, मी घाबरलेय. आवाज खाली करून माझी समजूत घालायला लागली. "तुम्ही काळजी करू नका, मॅम. मी तेव्हाच, तुम्ही फळ्यावर होता तेव्हाच, वर्गाच्या ग्रुपवर बरोबर गणित टाकलं. सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. तुमचं कुणीच घेतलं नाही. तुम्ही घसरला की आम्ही असंच करतो. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय आमचं."

मी तिला म्हटलं, "बरं केलंस." ती हसली आणि पुढच्या तासाला पळाली. पोरगी गुणाची आहे, तिनं माझ्यासाठीच केलं होतं. मी तिथंच वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला रडू आवरेना. माझ्या पोरांना सगळं दिसत होतं. फक्त आता मला सांगून काही उपयोग आहे असं त्यांना वाटत नव्हतं.